दोन गोळ्यांमधली जीभ

सगळ्यात आधी डॉक्टरांनी मला चहा सोडायला सांगितलं.

"दिवसातून किती कप होतात?" त्यांनी विचारलं.

"साधारण दोनशे," मी म्हणाले.

त्यांचं पेन हातातच राहिलं. मग मला समजावून सांगावं लागलं की मी चहा पीत नाही, थुंकते. आमच्या कारखान्यात निरनिराळ्या मळ्यांचा चहा येतो, तो एकमेकांत मिसळून पुड्यांत भरला जातो, आणि कुठला माल घ्यायचा नि कुठला परत पाठवायचा हे मी चव घेऊन ठरवते. चमचाभर चहा जोरात भुरकायचा, तोंडभर फिरवायचा आणि पीकदाणीत टाकायचा. एकतीस वर्षं मी हेच करत आले. माझ्या सहीशिवाय एक खोकं गोदामात शिरत नाही. डॉक्टरांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "तरी थोडा पोटात जातोच की," ते म्हणाले, "त्यानं लघवीची घाई वाढते."

घाई म्हणजे कसली, ते त्यांना काय ठाऊक! आमच्या चवीच्या खोलीत पांढऱ्या फरशीचा लांबलचक ओटा आहे. त्यावर साठ कप एका रांगेत मांडतात. किटलीमास्तर सगळ्यांत उकळतं पाणी ओततो, घड्याळ लावतो, सहा मिनिटांनी पानं गाळून काढतो, आणि मग मी एका टोकापासून सुरू करते. शेवटच्या कपापर्यंत पोचायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात रांग सोडली तर पुढचे कप गार होतात, आणि गार चहाची गरम चहाशी तुलना करता येत नाही. मग सगळी रांग ओतून द्यायची, पुन्हा साठ कप धुवायचे, पुन्हा पाणी उकळायचं. माझ्या आधी इथे थोरले साहेब होते. ते रांग सोडून कधी म्हणजे कधी गेले नाहीत, असं सगळे अजून सांगतात. मीही तीस वर्षं कधी गेले नाही. पण गेल्या वर्षापासून विसाव्या कपाला पोटात कळ यायची आणि पुढचे चाळीस कप मी नुसती दात आवळून उभी असायची. दात आवळून चव घेता येत नाही.

डॉक्टरांनी गोळी दिली. रोज सकाळी एक. चौथ्या दिवशी मी लागोपाठ तीन रांगा उभ्याने संपवल्या आणि मला घाई म्हणून झाली नाही. खरं सांगते, मला नाचावंसं वाटलं.

आता आमच्याकडे एक नियम आहे. खोलीत खिळ्याला औषधवही टांगलेली असते. चव घेणाऱ्यानं कुठलंही औषध घेतलं, अगदी खोकल्याचं घोटभर का असेना, की त्या वहीत लिहायचं, आणि जीभ ठीक आहे हे तपासून होईपर्यंत सही करायची नाही. ती वही येताजाता सगळे वाचतात. किटलीमास्तर तर पेपर वाचावा तशी रोज वाचतो. तिच्यात मी काय लिहिणार होते, मोठ्या बाईंना लघवी धरवत नाही म्हणून? मी लिहिलं नाही. इथे माझं चुकलं, आणि पुढे जे रामायण झालं ते सगळं इथून झालं, हे आधीच सांगून टाकते.

दुसऱ्या आठवड्यात तोंड कोरडं पडायला लागलं. आधी वाटलं, उन्हाळा आहे. मग घास तोंडात नुसता फिरायला लागला, पाण्याशिवाय खाली उतरेना. माझा नवरा घरीच घड्याळं दुरुस्त करतो. तो म्हणाला, "अगं, मीठ तिसऱ्यांदा घेतलंस. जीभ कारखान्यात विसरून आलीस का?" मी त्याच्यावर खेकसले. पण तो बरोबर बोलला होता. चहाचा तुरटपणा लाळेमुळे कळतो. चांगला चहा तोंडात आला की जीभ क्षणभर आवळते आणि लगेच सुटते. त्या सुटण्यात सगळी गंमत असते. माझी जीभ आवळायची आणि तशीच राहायची. साठच्या साठ कप एकसारखे रुक्ष लागायचे. एकतीस वर्षांची सवय म्हणून मी रंग बघून, वास घेऊन शेरे मारत राहिले, आणि कोणाला कळलं नाही.

म्हणजे मला वाटलं, कळलं नाही.

उतारावरची बाई म्हणून आमची एक मळेवाली आहे. डोंगराच्या उतारावर तिचा छोटासा मळा, घरच्यासारखी चार माणसं हाताशी. तिचा माल थोडा पण चोख; आमच्या सगळ्यात चांगल्या पुडीत तिचाच चहा पडतो. तो चहाच मुळी तुरटपणावर उभा. गोळी सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत मी तिचा माल तीनदा परत पाठवला. दर वेळी तिचा फोन यायचा. "बाई, काय कमी पडलं?" ती विचारायची. आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "रुक्ष झालाय. तोडल्यावर सुकत पसरता ना, तिथे तुमची पानं जास्त कोमेजतायत. लक्ष द्या." ती बिचारी "बरं बाई, बघते" म्हणायची.

तिसऱ्यांदा माल परत गेला तेव्हा नव्या साहेबांनी मला बोलावलं. हे साहेब माझ्या भाचीच्या वयाचे आहेत. टाय कधी सैल होत नाही. बाजूला माझ्या हाताखालची धाकटी उभी होती. ती आठ वर्षं माझ्याकडे शिकते आहे, तिचं नाक तिखट आहे, आणि त्या दिवशी ती माझ्याकडे बघत नव्हती.

"तुम्ही परत पाठवलेला माल दुसऱ्या कंपनीनं उचलला," साहेब म्हणाले. "ते खूश आहेत म्हणे. आता दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर त्यांना कळत नाही, नाहीतर..."

"नाहीतर मला," मी म्हणाले.

"तसं मी म्हटलं नाही. आपण चाचणी घेऊ. एक महिन्यानं."

चाचणी अशी असते: तीन कप समोर ठेवतात, दोन एकाच चहाचे, तिसरा वेगळा. वेगळा ओळखायचा. अशा आठ खेपा. आठपैकी सात बरोबर आल्या तर जीभ शाबूत. नाही आल्या तर सही धाकटीकडे जाणार आणि मला मानद सल्लागार करणार. मानद सल्लागार म्हणजे काय ते थोरल्या साहेबांच्या वेळी मी पाहिलंय. माणसाला खुर्ची देतात आणि ओट्यापासून लांब ठेवतात. दोन वर्षं ते त्या खुर्चीत पेपर वाचत बसले, आणि दुपारी आम्ही भुरके मारायला लागलो की मान वर करून ऐकायचे. मला ते नको होतं. माझ्याकडे दुसरं काही नाही हो. मला ना गाता येतं, ना विणता येतं. मला चहा कळतो.

दुसऱ्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले.

"तोंड पार कोरडं पडलंय," ते आत बघत म्हणाले. "कुठली औषधं चालू आहेत का?"

पडद्याच्या पलीकडे बाकावर आमचा गोदामवाला सुजलेला गाल धरून बसला होता. त्याचे कान सुजलेले नव्हते.

"कुठलीच नाहीत," मी म्हणाले.

त्यांनी लाळेची गोळी लिहून दिली. दिवसातून तीनदा. पहिली घेतली आणि पाऊण तासात तोंडाला पाणी सुटलं. मी स्वयंपाकघरात जाऊन कोरा चहा केला, भुरका मारला आणि उभ्या उभ्या डोळे भरून आले. जीभ आवळली आणि सुटली! पण डोळे आनंदानं भरले असं वाटलं तेवढ्यात नाकही वाहायला लागलं, मानेवरून घामाच्या धारा लागल्या, पोटात गुडगुड सुरू झाली, आणि घाई अशी आली की मी चमचा हातात घेऊनच धावले.

मग काय, मी लघवीची गोळी सकाळी एकऐवजी सकाळी एक, दुपारी एक केली. डॉक्टरांना कशाला विचारायचं? आपलं शरीर, आपल्याला कळतं. दुपारच्या गोळीनं लाळ आटली. म्हणून लाळेची गोळी थोडी आधी घ्यायला लागले. त्यानं घाम वाढला. माझ्या पर्समध्ये दोन पाकिटं आणि एक कागद असायचा. कागदावर वेळा लिहिलेल्या, खोडलेल्या, परत लिहिलेल्या. दहा ते अकरा जीभ असायची पण उभं राहवत नसे. बारा ते दोन उभं राहवायचं पण जीभ नसे. असा एक तास मला दिवसभरात सापडेना की ज्यात मी धड बाई आहे आणि धड चव घेणारीही आहे.

त्यात जवळचं दिसेना. कपांपुढच्या चिठ्ठ्या हात लांब करून वाचाव्या लागायच्या. पोट पाच-पाच दिवस साफ होत नव्हतं. बसल्या जागी छाती धडधडायची. एकदा किटलीमास्तरावर इतकी ओरडले की त्यानं घड्याळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "घ्या, तुम्हीच मोजा मिनिटं." घरी नवरा म्हणाला, "चिडायचं जरा कमी कर. नाहीतर कोणीतरी त्याचीही गोळी देईल." मी ताट सरकवून उठले. मला हसू यायला हवं होतं, इतकं ते बरोबर होतं. पण मला कशाचंच हसू येत नव्हतं. मला नुसता संताप येत होता, आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं.

लघवीची गोळी मी मुद्दाम लांबच्या दुकानातून आणायचे, तिथे ओळखीचं कोणी येत नाही. लाळेची आमच्या कोपऱ्यावरून. एका शनिवारी लांबचं दुकान बंद होतं. नाइलाजानं दोन्ही कागद मी कोपऱ्यावरच्या औषधवालीपुढे ठेवले. ही पोरगी आमच्याच गल्लीतली, मला काकू म्हणते.

तिनं एक कागद वाचला, दुसरा वाचला, मग दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले.

"काकू, ह्या दोन्ही तुमच्याच?"

"हळू बोल," मी म्हणाले.

"काकांच्या नाहीत ना एखादी?"

"माझ्याच आहेत. काय झालं?"

तिनं दुकानातलं गिऱ्हाईक वाटेला लावलं, मला आत स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "कधीपासून घेताय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, घाम, नाक, डोळे, पोट, दुपारची जादा गोळी. बोलताना मला वाटत होतं की ही मला धीर देईल. तिनं कपाळावर हात मारला.

"काकू, ऐका. आपल्या नसा अवयवांना हुकूम देतात ना, तो पोचवायला शरीरात एक निरोप्या असतो. त्याचं नाव असिटिलकोलिन. नाव राहू द्या. हाच तोंडाला सांगतो, लाळ सोड. आतड्याला सांगतो, हल. घामाला सांगतो, ये. डोळ्याला सांगतो, जवळचं बघ. हृदयाला सांगतो, सावकाश चाल. आणि लघवीच्या पिशवीला सांगतो, आवळ."

"सगळीकडे तोच?"

"सगळीकडे तोच. तुमची पहिली गोळी काय करते, तर त्याला दारातच अडवते. पिशवीच्या दारात अडवला, तुम्हाला बरं वाटलं. पण गोळीला पत्ता कुठे माहीत असतो? ती रक्तातून सगळीकडे जाते. तोंडाच्या दारातही तिनंच अडवला, म्हणून तोंड कोरडं. आतड्याच्या दारात, म्हणून पोट साफ नाही. डोळ्याच्या दारात, म्हणून चिठ्ठ्या दिसत नाहीत. हृदयाला सावकाश चाल म्हणणारं कोणी राहिलं नाही, म्हणून धडधड."

"आणि दुसरी?"

"दुसरी गोळी त्या निरोप्याची नक्कल करते. तोच निरोप, मोठ्यानं ओरडून. लाळ सोड म्हणते, पण घामालाही ये म्हणते आणि पिशवीलाही आवळ म्हणते. काकू, तुम्ही एका गोळीनं नळ बंद करताय आणि दुसरीनं उघडताय. मग बंद करायला आणखी एक घेताय."

अडीच महिने! अडीच महिने मी ज्याला रोग समजत होते तो माझ्या पर्समध्ये होता.

"मग हे मला त्या डॉक्टरांनी का नाही सांगितलं?" मी चिडून विचारलं. "एक जण फक्त खालचं बघतो, एक फक्त तोंडातलं. मधलं माणूस कोणी बघायचं?"

"ते खरंय," ती म्हणाली. "पण दातांच्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं का, काय चालू आहे म्हणून?"

मला तिचा राग आला, गोदामवाल्याच्या गालाचा राग आला, आणि मग ज्याचा यायला हवा होता त्याचाही आला. आठ वर्षं मी धाकटीला एकच गोष्ट घोकून घेतली आहे: चहात काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणी बदललंस तर पानं बदलू नकोस. दोन गोष्टी एकदम बदलल्या की काय कशानं झालं ते देवालाही कळत नाही. आणि मी बाईसाहेब स्वतःच्या अंगात दोन-दोन गोष्टी तासातासाला बदलत होते.

सोमवारी मी दोन्ही पाकिटं डॉक्टरांच्या टेबलावर आपटली आणि निरोप्याची गोष्ट सांगितली. त्यांनी आधी मला फैलावर घेतलं, मग जरा स्वतःवरही चिडले, कारण तोंड कोरडं पडेल हे सांगायचं त्यांच्याकडूनही राहून गेलं होतं. छाती तपासली, दोन्ही गोळ्या बंद केल्या. "घाईसाठी दुसऱ्या प्रकारचं औषध आहे, ते तुमच्या त्या निरोप्याच्या वाटेला जात नाही," ते म्हणाले, "पण तुमचा रक्तदाब आज चढलेला आहे. तो उतरला की बघू. तोपर्यंत खालचे स्नायू आवळायचा व्यायाम, आणि घड्याळ लावून दर दोन तासांनी जायचं. घाई होवो न होवो."

"आणि रांगेच्या मध्ये घाई झाली तर?"

"तर जायचं," ते म्हणाले, जणू काही त्यात काहीच नव्हतं.

चाचणीला बारा दिवस उरले होते. चौथ्या दिवशी सकाळी उठले तर तोंडात लाळ होती. साधी, आपोआप आलेली लाळ. मी नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "अभिनंदन," आणि कूस बदलली. आठवडाभरात चिठ्ठ्या दिसायला लागल्या, छाती शांत झाली. घाई मात्र परत आली, जुनीच, आपल्या घरी आल्यासारखी.

जीभ आली तसं पहिलं काम मी केलं ते म्हणजे उतारावरच्या बाईचे नमुने काढले. परत पाठवलेल्या मालाचीही मूठभर पानं आम्ही डब्यात ठेवतो. दुपारी खोलीत कोणी नसताना तिन्ही डबे उघडले, तीन कप केले. तिन्ही लख्ख होते. जीभ आवळून अशी सुटत होती की दाद द्यावी. मी पीकदाणीपाशी तशीच उभी राहिले. मग डबे होते तिथे ठेवून दिले. मनात म्हटलं, चाचणी होऊ दे. एकदा सही राहिली की पुढच्या खेपेला तिचा माल घेऊन टाकू, कोणाला काय कळणार आहे.

चाचणीच्या दिवशी खोलीत साहेब, धाकटी आणि किटलीमास्तर होते. पहिल्या खेपेचा वेगळा कप मी भुरका संपायच्या आत ओळखला. दुसरी, तिसरी तशीच. चौथीत वेळ लागला पण जमलं. पाचव्या खेपेचे कप समोर आले आणि पोटात कळ उठली. मी मघाशी जाऊन आले होते, घड्याळ लावून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. पिशवीला त्याचं काही नव्हतं. मी दात आवळले. पहिला कप घेतला, काही कळलं नाही. दुसरा घेतला. जीभ जिवंत होती, लाळ होती, पण सगळं लक्ष खाली. अंदाजानं मधला कप दाखवला. धाकटीचा चेहरा पडला, तेव्हा कळलं की चुकला.

आता एकही चुकवून चालणार नव्हतं. किटलीमास्तरानं सहाव्या खेपेत पाणी ओतलं, घड्याळ लावलं. मी त्या वाफेकडे बघत होते आणि मला इतका राग आला, इतका राग आला, की मला वाटतं रागानंच माझं तोंड उघडलं.

"मला लघवीला जायचंय," मी म्हणाले. "ही खेप ओतून द्या आणि पाणी पुन्हा ठेवा."

साहेबांची मान टायपर्यंत लाल झाली. किटलीमास्तर म्हणाला, "ठेवतो. जाऊन या. मग मलाही जायचंय, केव्हाचा थांबलोय."

परत आले तेव्हा कप धुऊन मांडलेले होते. सहावी, सातवी, आठवी. तिन्ही बरोबर. आठपैकी सात.

साहेबांनी माझा हात हातात घेतला. खरंच आनंद झाला होता त्यांना. "मला खात्री होती," ते म्हणाले. "आता प्रश्नच मिटला." मग टेबलाशी बसून एक कागद पुढे ओढला आणि लिहायला लागले.

"कसला प्रश्न?" मी विचारलं.

"उतारावरच्या बाईंचा. तुमची जीभ शाबूत आहे म्हणजे त्यांचा माल खराबच होता, नाही का? तीनदा परत गेला, म्हणजे नियमाप्रमाणे यादीतून नाव काढायचं. मी चाचणीसाठीच थांबलो होतो."

मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू, बसले. त्यांचं अर्धं पत्र लिहून झालं तोवर बसले. एवढा आटापिटा करून राखलेला ओटा माझ्यापासून चार पावलांवर होता. मी पास झाले होते, आणि पास झाल्यामुळेच ती बाई बुडत होती. मी नापास झाले असते तर तिचं काही बिघडलं नसतं. असं भलतंच कुठे असतं का! पण होतं खरं.

"लिहू नका ते," मी म्हणाले.

आणि मग सगळं सांगितलं. वहीत न लिहिलेली गोळी, मेलेली जीभ, रंग बघून मारलेले शेरे, डब्यातले नमुने. धाकटीनं खाली मान घातली. किटलीमास्तरानं किटली खाली ठेवली. साहेबांनी पेनाला टोपण घातलं.

"हे आत्ता बोलायची काय गरज होती?" ते म्हणाले. ते रागावले नव्हते; हातातोंडाशी आलेलं काम फिसकटल्यासारखे वैतागले होते.

"तीन महिन्यांपूर्वी बोलायला हवं होतं," मी म्हणाले. "तेव्हा जमलं नाही."

औषध लपवलं तर सही जाते, हा नियम थोरल्या साहेबांचाच. पुढचे सहा महिने सही धाकटी करणार. मी चव घेईन, पण माझ्या शेऱ्यावर माल आत-बाहेर होणार नाही. सहा महिन्यांनी बघू म्हणाले. बघतील तेव्हा बघतील.

उतारावरच्या बाईला फोन मी स्वतः लावला.

"बाई, तुमचा माल चांगला होता," मी म्हणाले. "तिन्ही वेळचा. चूक माझ्या जिभेची होती. मी एक गोळी घेत होते, लघवीच्या तक्रारीवर. तिनं तोंडातली चव गेली आणि मी ते कोणाला सांगितलं नाही."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"तिन्ही वेळचा?" तिनं विचारलं.

"तिन्ही वेळचा."

"अहो, पण मी सगळं बदललं हो," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात पानं जास्त कोमेजतायत. आमच्या मळ्यातल्या मावशी वीस वर्षं तेच काम बघत होत्या. रात्रीतून तीनदा उठून पानांना हात लावून बघायच्या. त्या म्हणत होत्या, काही चुकत नाहीये. मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, तुमच्या हातापेक्षा त्या बाईंची जीभ मोठी आहे. मागच्या महिन्यात त्यांना घरी बसवलं."

मी आपला ओटा, माझी सही, माझी लाज एवढंच धरून बसले होते, आणि तिकडे एका म्हातारीचे हात मी खोटे ठरवले होते.

"त्यांना परत बोलवा," मी कशीबशी म्हणाले.

"बोलवीन. पण जाऊन सांगू काय त्यांना?"

"जे झालं ते सांगा. गोळीचं सांगा."

"मी का सांगू?" ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता, आणि चढायलाच हवा होता. "तुम्ही या आणि तुम्ही सांगा. त्यांच्या घरात, त्यांच्या समोर बसून."

मी म्हटलं, येते. मग तिला विचारलं की तिकडे जायची बस किती वाजता सुटते, किती तास लागतात, आणि वाटेत कुठे कुठे थांबते.